सापडायचं काम

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी कुमुदताईंनी दार उघडलं नाही. दुधाची पिशवी कडीला होती. मी बेल वाजवली, मग फोन केला. आत फोन वाजत राहिला. सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं आणि माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. त्या पलंगावर होत्या. डॉक्टर आले आणि म्हणाले, पहाटे गेल्या.

मी त्यांची शेजारीण. कामोठ्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्या पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. दोघी निवृत्त झाल्यावर आमच्या ओळखीची मैत्री झाली. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते आहे.

त्यांच्या आडनावाच्या लोकांचं एक कुलमंडळ आहे. कोकणातल्या एका गावातून निघून देशभर पांगलेली ही घराणी. मंडळानं मोठा कुलवृत्तांत छापला होता, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक पातळसा अंक निघायचा. कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, कुणाचा मुलगा परदेशी गेला, गावच्या देवळाचा कळस कधी बसला, असा मजकूर. या अंकाच्या संपादक कुमुदताई. संपादक म्हणजे मजकूर मागणाऱ्या, टाइप करणाऱ्या, मुद्रितं तपासणाऱ्या आणि शेवटी पाकिटांवर पत्ते घालणाऱ्याही त्याच.

प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर खाली एक चौकट असे. तिच्यातला मजकूर कधी बदलला नाही. ‘श्रीधर, आई आणि बाबा दोघेही आता नाहीत. मी कामोठ्यात आहे. फोन कर. कुमुद.’ आणि खाली नंबर.

श्रीधर त्यांचा धाकटा भाऊ. ही गोष्ट त्यांनी माझ्यापासून किंवा कुणापासूनच लपवली नव्हती. भाजीवालीनं विचारलं तरी सांगत. श्रीधरला ज्या मुलीशी लग्न करायचं होतं ती त्यांच्या जातीची नव्हती. वडील जेवता जेवता उठले आणि म्हणाले, ‘‘कर लग्न. पण या घराचं नाव लावायचं नाही.’’ श्रीधर ताटावरून उठला तो गेला. कुलवृत्तांतात त्याच्या नावापुढे एकच शब्द आहे, परागंदा.

‘‘तो बाबांचं ऐकणाऱ्यातला होता,’’ कुमुदताई म्हणायच्या. ‘‘नाव लावू नकोस म्हणाले ना, मग त्यानं खरंच लावलं नसणार. आता कुठल्या नावानं राहतो देव जाणे. मी त्याला शोधू शकत नाही, मंगल. त्याला आम्ही सापडलो पाहिजे.’’

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. एकदा वृत्तांताचं पान दाखवताना त्या आपणहून म्हणाल्या, ‘‘हे बघ, सगळ्या मुलींपुढे कंस आहे, कंसात सासरचं नाव. माझ्यापुढे कंस नाही. बरं झालं. त्याला शोधायला सोपं.’’ आणि हसल्या. त्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरायचा आणि बुटाच्या काळ्या नाडीला लोंबायचा. चष्म्याला नाडी लावली होती त्यांनी, नुसती साखळी तुटते म्हणून.

मंडळाचे अंक संकेतस्थळावर गेले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता. निखिल नावाचा त्यांचा नात्यातला भाचा ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं सगळे जुने अंक एकेक करून चढवले. त्या संध्याकाळी कुमुदताईंनी शिरा केला आणि मला वाटी आणून दिली. म्हणाल्या, ‘‘आता तो कुठेही असला तरी चौकट त्याच्यापर्यंत पोचेल.’’ तेव्हापासून फोन वाजला की त्या पदराला हात पुसून, घसा साफ करून मगच उचलायच्या.

बरीच वर्षं गेली. मग वाशीच्या एका सभागृहात मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. कुमुदताई मला बरोबर घेऊन गेल्या. अध्यक्ष नव्वदीच्या उंबरठ्यावरचे, पण आवाज खणखणीत. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, ‘‘आपला प्रत्येक अंक आता जगाच्या पाठीवर कुठूनही वाचता येतो.’’ टाळ्या झाल्या. कुमुदताईंनी हात वर केला.

‘‘निखिल, पडद्यावर दाखव ना सगळ्यांना. माझ्या बाबांचं नाव टाक. किती अंकांत आलंय ते दिसू दे.’’

निखिलनं नाव टाकलं. काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा टाकलं. मग नुसतं आडनाव टाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, आपण आहोत की नाही?’’ आणि हशा पिकला.

‘‘नेट स्लो असेल, आत्या,’’ निखिल म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं एक अंक उघडला, त्यातली अध्यक्षांच्या नावाची ओळ उचलली आणि शोधायच्या चौकटीत आणून ठेवली. पडद्यावर मराठी ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटीसुलटी चिन्हं असा नुसता चिवडा आला.

‘‘हा कोण?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘काका, हे तुम्हीच आहात,’’ निखिल म्हणाला. पुन्हा हशा. तो मात्र हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं. अंक ज्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केले होते, ती अक्षरं डोळ्यांना मराठी दिसत, पण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच. आणि त्याही आधीचे अंक म्हणजे नुसते फोटो. ‘‘वाचता येतं. पण कुणी शोधलं तर सापडत नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही, आत्या. चढवलं, म्हणजे झालं असं वाटलं.’’

टाइप कुमुदताईंनी केलं होतं. प्रत्येक अंक आणि प्रत्येक चौकट.

जेवणाच्या पंगतीत त्या सगळ्यांशी बोलल्या, एका सुनेला मोदकाची उकड कशी घ्यायची तेही सांगितलं. परतताना आमची बस खारघरला आली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं मी दार लावून हाका मारत होते गं.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सुरू केलं.

काम साधं होतं, पण संपणारं नव्हतं. प्रत्येक अंकासाठी एक वेगळं पान करायचं, आजच्या पद्धतीच्या अक्षरांत. त्या अंकात कोणाची नावं आहेत, कोणती गावं आहेत, कशाबद्दल काय लिहिलं आहे, ते शोधणाऱ्याच्या भाषेत सांगायचं. निखिल ती पानं चढवायचा, आणि चढवलेल्या पानात भर घालायला त्यानं त्यांनाही शिकवलं. टाइप करून बोटं दुखायला लागली तेव्हा त्यानं त्यांना फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं. त्यानंतर आमच्या जिन्यात चमत्कारिक आवाज सुरू झाले. दार उघडं असे आणि आतून खणखणीत ऐकू येई, ‘‘विष्णू. स्वल्पविराम. निपुत्रिक. पूर्णविराम. त्याचा भाऊ नारायण. स्वल्पविराम. दत्तक गेला. स्वल्पविराम. पुढील माहिती नाही. पूर्णविराम.’’ खालच्या मजल्यावरची पोरं जिना उतरताना ‘पूर्णविराम’ ओरडत उड्या मारायची.

एक दिवस सेक्रेटरी आले. ‘‘ताई, राग नका मानू. पण लोकांना टेन्शन येतं. जिन्यात मेलेल्या माणसांची नावं ऐकू येतात.’’

‘‘मेलेलीच आहेत हो,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘पार्किंग नाही मागणार तुमच्याकडे.’’

त्यांची एक सवय मात्र मला आधी विचित्र वाटायची. भेटेल त्याला त्या विचारत, ‘‘तुम्हाला तुमची माणसं शोधायची झाली तर काय लिहून शोधाल?’’ रिक्षावाल्याला विचारलं, कुरिअर घेऊन आलेल्या मुलीला विचारलं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंड उघडं असताना खुणेनं विचारलं असावं. खाडीकाठच्या गावातून हिराबाय मासळी घेऊन यायची. कुमुदताई दारात बसून मांदेली निवडत होत्या. मी माझ्या उंबऱ्यात उभी होते.

‘‘हिराबाय, तुला तुझ्या भावाला शोधायचं झालं तर मोबाइलमध्ये काय लिहिशील?’’

‘‘मना कशाला शोधाचाय? तो रोज पिऊन माज्याच दारात पडलेला हाय,’’ हिराबाय म्हणाली. ‘‘तुला पायजे तर घेऊन जा.’’

कुमुदताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पाटी उचलून तिच्या डोक्यावर देताना म्हणाल्या, ‘‘मारू नकोस गं त्याला.’’

‘‘नाय मारत,’’ हिराबाय म्हणाली, आणि जाता जाता वळून विचारलं, ‘‘तुज्या भावाचा फोन आला क नाय?’’

‘‘येईल.’’

हा प्रश्न ती दर खेपेला विचारायची आणि दर खेपेला तेच उत्तर मिळायचं.

या विचारपुशीतून कुमुदताईंना काही गोष्टी उमगत गेल्या. ‘कुलवृत्तांत’ हा शब्द कुणी शोधत नाही. लोक मूळ गाव शोधतात, कुलदैवत शोधतात. ‘‘माणूस घर सोडतो, नाव सोडतो,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘पण मुलाचं लग्न ठरलं की कुणीतरी विचारतंच, तुमचं कुलदैवत कोणतं? मग तो बसतो शोधत.’’ त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर कुलदैवत आणि गाव आलं. मागची झालेली पानं पुन्हा उघडून त्यांनी तिथेही ते घातलं.

आणि श्रीधरसाठी एक स्वतंत्र पान केलं. निखिल म्हणाला, ‘‘आत्या, त्या ‘परागंदा’चं काय करू? काढून टाकू?’’

‘‘नाही. छापलेलं खोडायचं नाही. ते त्या वेळच्या लोकांचं म्हणणं. आपल्याला जे म्हणायचंय ते खाली लिहायचं.’’

म्हणून त्या पानावर आधी वृत्तांतातली ओळ आहे, ‘परागंदा’ सकट. तिच्या खाली चौकटीतला मजकूर.

पानं झाल्यावर फोन येऊ लागले. नागपूरहून, बडोद्याहून, एकदा तर दुबईहून. कुणाला आजोबांचं नाव हवं होतं, कुणाला गावच्या पुजाऱ्याचा नंबर. कुमुदताई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. आणि एका शनिवारी तो फोन आला.

मी तिथेच होते. त्या ‘हं, हं’ करत ऐकत होत्या. मग त्यांनी खुर्चीचा हात धरला. पलीकडचा माणूस सांगत होता की तो उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात कामाला आहे. मुलीचं लग्न ठरलंय म्हणून कुलदैवत शोधत होता. वडील आजोबांचं म्हणून सांगायचे ते गाव तुमच्या पानावर आहे. वडील तरुणपणी भांडून घराबाहेर पडले, मग घरच्यांचं नाव कधी काढलं नाही. आता ते हयात नाहीत. आणि त्याचं आडनाव निराळंच होतं.

‘‘उद्या या,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘जेवायलाच या. वडिलांचा फोटो आणा.’’ फोन ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘हयात नाहीत म्हणाला.’’ मग आणखी थोड्या वेळानं, ‘‘पण मुलगा आहे. नात आहे.’’

रविवारी त्यांनी पापलेटं भरली, सोलकढी केली, श्रीधरला आवडायची म्हणून वालाची उसळ केली. इस्त्रीची साडी नेसल्या. मला म्हणाल्या, ‘‘तू थांब. मला एकटीला नाही जमायचं.’’

महेश आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, काळासावळा, दारातच वाकून नमस्कार करणारा. त्यानं खिशातून फोटो काढला. कुमुदताईंनी तो घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. गॅलरीतल्या तुळशीवर एक चिमणी येऊन गेली, तेवढा वेळ त्या उभ्या होत्या.

‘‘हा नाही,’’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या खोलीत जातील. त्या कपाटाशी गेल्या. महेशला आजोबांचं नाव विचारलं, त्यांची माहिती विचारली, जुने अंक काढले, त्याला शेजारी बसवून पानं उलटू लागल्या. महेशच्या आजोबांना लहानपणी दुसऱ्या घराण्यात दत्तक दिलं होतं, म्हणून आडनाव बदललं. पुढे त्या घरी महेशच्या वडिलांचं पटलं नाही आणि ते निघून आले. अंकात ओळ होती, ‘नारायण, दत्तक गेला, पुढील माहिती नाही.’ हीच ओळ त्यांनी फोनला सांगताना आम्ही सगळ्यांनी जिन्यात ऐकली होती.

‘‘हे तुमचे आजोबा,’’ कुमुदताईंनी बोट ठेवलं. ‘‘आणि ही पुढची माहिती माझ्यासमोर बसलीय.’’

महेशनं त्या ओळीवर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाला, ‘‘माझे वडील म्हणायचे, आपलं कुणी नाही. मी तुम्हाला आत्या म्हटलं तर चालेल?’’

‘‘चालेल की. जेवायला बसा आता.’’

तो पोटभर जेवला. वालाची उसळ दोनदा मागून घेतली. तो गेल्यावर मी भांडी आवरू लागले. कुमुदताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘माणूस दुसराच आला. पण जेवून गेला ते बरं झालं.’’ मग तोंडाला पदर लावून रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तेव्हा एकदाच रडताना पाहिलं.

त्यानंतर त्या थकत गेल्या. काम थांबलं नाही, पण आवाजातला खणखणीतपणा गेला. फोनला नाव दोनदा सांगावं लागे. मी अंक वाचून दाखवायचे, त्या फोनला सांगायच्या. महेश मधूनमधून यायचा, मुलीच्या लग्नाला त्यांना गाडी करून घेऊन गेला, आत्या म्हणून त्यांना मानाची साडी दिली. निखिल दर रविवारी फोन करायचा. त्या कुणाकडे तक्रार करत नव्हत्या. फक्त फोन वाजला की आता त्या घसा साफ करत नव्हत्या, ते माझ्या लक्षात आलं होतं.

शेवटचं भेटलो ते सोमवारी संध्याकाळी. मी कचऱ्याचा डबा आत घेत होते आणि त्या दारात आल्या.

‘‘मंगल, तुला एक विचारायचं राहिलंच. तुला तुझ्या घरी परत जायचं असतं, आणि गावाचं नाव, देवाचं नाव, आडनाव, काहीच उच्चारायचं नसतं, तर तू काय टाकून शोधलं असतंस?’’

मी विचार केला. खरंच केला, कारण त्यांना वरवरचं उत्तर चालत नसे. ‘‘आमच्या घरामागे एक ओढा होता,’’ मी म्हटलं. ‘‘आम्ही पोरं त्याला साखरओढा म्हणायचो. दुसरं कुणी म्हणत नसे. मी ते टाकलं असतं. कुणी लिहिलेलं नसणार माहीत असूनही.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘आमची विहीर होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पायऱ्यांची. श्रीधर, आमचा शिरू, तिला घोडीची विहीर म्हणायचा. आत वाकून हाक मारली की घोडी खिंकाळल्यासारखा आवाज यायचा. घोडीची विहीर! अगं, हे मी कुठेच लिहिलं नाही.’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘थांब, आत्ताच घालते.’’

त्या वळल्या. नाडीला लोंबणारा चष्मा हातानं चाचपत आत गेल्या. दार अर्धं उघडं राहिलं. आतून त्यांचा आवाज आला, पूर्वीसारखा मोठ्यानं, ‘‘घोडीची विहीर. पूर्णविराम.’’ मी हसले आणि माझं दार लावून घेतलं.

अग्नी निखिलनं दिला. महेश खांदा द्यायला आला होता. हिराबाय पाटी खाली ठेवून जिन्यात बसली होती. तिनं मला विचारलं नाही, पण तिच्या मनात तोच प्रश्न असावा.

दिवस झाल्यावर अध्यक्षांचा फोन आला. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांचाही आवाज जड झाला होता. म्हणाले, ‘‘बाई गेल्या. भाऊही बहुधा कधीच गेला असेल. तिथे ‘मी कामोठ्यात आहे, फोन कर’ असं राहणं बरं दिसत नाही. नंबरही बंद होईल. निखिलला सांगून काढून टाकू या का?’’

मी मंडळाची कुणी नाही. माझं आडनाव त्या वृत्तांतात कुठेही नाही. तरी मी म्हटलं, ‘‘मला एक दिवस द्या.’’

दुसऱ्या दिवशी निखिल आला आणि आम्ही दोघांनी बसून ते पान उघडलं. वर कुलदैवत, मग गाव, मग वृत्तांतातली ओळ, मग चौकट. सगळ्यांत खाली, त्यांनी शेवटी घातलेली घोडीची विहीर. मी निखिलला फोनच्या शोधायच्या चौकटीत ‘घोडीची विहीर’ टाकायला सांगितलं. त्यानं टाकलं. पान आलं. निखिल उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

तो परत आल्यावर आम्ही ‘मी कामोठ्यात आहे’ ही ओळ खोडली नाही. तिच्या खाली लिहिलं, ‘कुमुद श्रावणात वारली. शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होती. समोरच्या घरी मंगल राहते, तिला फोन कर.’

त्यांची खोली आता रिकामी आहे. अंक मंडळाकडे गेले. राहिलेल्या अंकांची पानं निखिल करतो, मी वाचून दाखवते. श्रीधरच्या पानावर माझा नंबर आहे, आणि फोन मी स्वयंपाकघरातसुद्धा जवळ ठेवते.